खाणीचं पाणी

दाढ निघाली तेव्हा दुखलं काहीच नाही. फक्त जबड्यातून कानापर्यंत करकर असा आवाज गेला, आणि तो बाहेर कुणालाच ऐकू गेला नसणार, हे तिला उगाचच जाणवलं. दातांच्या डॉक्टरने दाढ चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवली. "अक्कलदाढ. येते उशिरा आणि जाते त्रास देऊन," तो म्हणाला. मग हातमोजे काढता काढता, "बरोबर कोण आलंय?" तोंडात कापसाचा बोळा होता म्हणून तिने नुसती मान हलवली. त्याला वाटलं, प्रश्न कळला नाही. "म्हणजे घरी न्यायला. बाहेर बसलंय का कोणी?" तिने पुन्हा मान हलवली. "बरं. मग जरा बाहेर टेका आणि सावकाश जा. एकदम उठून चालायला लागू नका." एवढंच. त्यात लागण्यासारखं काही नव्हतं; येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच विचारत असणार. पण अर्धा चेहरा बधिर असताना उरलेल्या अर्ध्या चेहऱ्याला ते लागलं. डॉक्टरने पायाने कचऱ्याचा डबा उघडला, दाढ त्यात टाकणार एवढ्यात तिने हात पुढे केला. "हवीय?" तो हसला. "लहान मुलं मागतात." आणि कापसात गुंडाळून ती त्याने तिच्या तळहातावर ठेवली.

बाहेरच्या बाकावर ती बसून राहिली. समोर एक बाई मुलाच्या शर्टाची बटणं लावत होती, तो ओठ दाबून भिंतीकडे बघत होता. तिने कापूस उलगडला. दाढेच्या माथ्यावरचं पांढरं कवच अजून चकचकीत होतं. हे कवच एकदा तयार झालं की पुन्हा बदलत नाही, हे तिला माहीत होतं. तिच्या धंद्यातलीच गोष्ट होती ती. आठव्या-नवव्या वर्षी हाडात दडून असताना ते धरायला लागतं, आणि त्या वर्षांत आपण जे पाणी पितो त्यातल्या खडकाचा अंश त्यात कायमचा बसतो. आठव्या-नवव्या वर्षी ती कुठलं पाणी पीत होती? खाणीचं. ते आठवताच बधिर जिभेवर तिला खरोखरच ती चव आली, खडू चाटल्यासारखी. किटलीच्या आत पांढरी पुटं धरायची. केस धुतले की झाडूसारखे ताठ राहायचे. आई साबणाची वडी बादलीवर आपटून म्हणायची, "या पाण्याला फेस फुटेल तेव्हा मी तुमच्या मॅनेजरला फुलं वाहीन." आणि त्या बाकावर, तोंडात रक्ताची चव घेऊन बसलेली असताना, गेले काही आठवडे तिला छळणारी एक रेघ डोळ्यांसमोर उभी राहिली. तिने मुठीत दाढ इतकी घट्ट धरली की मुळाचं टोक तळव्यात रुतलं.

ती रेघ एका माशाच्या कानातली होती. मत्स्यसंस्थेत तिचं काम हेच: माशाचं डोकं चिरायचं, मेंदूच्या खालच्या पोकळीतून चिमट्याने कानातलं हाड काढायचं. हाड म्हणायची पद्धत; खरं तर तो तांदळाच्या कणीएवढा खडा. तो राळेत बसवायचा, बारीक करवतीने कापायचा आणि पॉलिशच्या कागदावर घासत राहायचं, झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी वर्षांची कडी दिसेपर्यंत. मग लेझरच्या यंत्राखाली मधोमधपासून काठापर्यंत एक रेघ मारून घ्यायची. मासा जन्मला त्या पाण्याची खूण मधोमध, मेला त्या पाण्याची काठाला, आणि मधे सगळा प्रवास. यंत्र पडद्यावर ती रेघ काढून दाखवतं. पाणी बदललं की रेघ वर-खाली होते. तिला हे काम आवडे, कारण त्यात बोलायला लागत नसे. दिवसभर एका डोळ्याने भिंगात बघायचं, संध्याकाळी भाड्याच्या दोन खोल्यांत परत यायचं, एक अंडं उकडायचं आणि खिडकीशी उभ्याने खायचं. समोरच्या इमारतीतल्या जिन्यात दिवे लागत, विझत. लग्न झालं नव्हतं असं नाही, झालं होतं आणि आवाज न करता संपलं होतं, नवऱ्याने जाताना म्हटलं होतं, "तुझ्याशी भांडतासुद्धा येत नाही." ते तिला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

मासा परका होता. तलावावरचे मच्छीमार त्याला 'ढोल्या' म्हणत. जाडजूड, आडव्या तोंडाचा, तळ उकरून खाणारा. पाच-सात वर्षांत त्याने तलाव चहासारखा गढूळ केला होता. तळातली झाडं गेली, झाडांत अंडी घालणारे चंदेरी मासे गेले, आणि ते पकडून जगणारी चार-दोन कुटुंबं होड्या पालथ्या घालून शहरात मजुरीला गेली. आता हाच मासा खालच्या धरणातही दिसायला लागला होता. प्रश्न असा होता, की दोन्हीकडचे ढोले एकाच घरचे की वेगवेगळे? धरणातल्या माशांच्या खड्यांनी उत्तर सरळ दिलं: मधोमध तलावाचं पाणी, काठाला धरणाचं. म्हणजे ते कालव्यातून उतरले होते. कालव्याला जाळी बसवायची, तलावात औषध टाकायचं, संपलं. विषाला संस्थेत औषध म्हणत. पण तलावातला जो सगळ्यात म्हातारा, पोत्याएवढा मासा मिळाला, त्याच्या खड्याच्या मधोमध एक तिसरंच पाणी होतं. नदी, ओढे, विहिरी, शेततळी, आसपासच्या कुठल्याच नमुन्याशी ते जुळत नव्हतं. "म्हणजे कुठेतरी अजून एक डबकं आहे, आणि तिथे हे बसलेत," साहेब म्हणाले होते. साहेब म्हणजे विभागप्रमुख. कोणी आजारी पडलं तर ओरडल्यासारख्या आवाजात चौकशी करणारा चांगला माणूस. "आपण इथे तलाव मारायचा आणि उद्या तिकडून परत यायचे. ते पाणी सापडत नाही तोवर मी सही करणार नाही." तेव्हापासून सगळं अडून होतं. कालव्यातून ढोल्याची पिल्लं रोज उतरत होती.

रविवारी संस्थेत फक्त लेझरचं यंत्र सांभाळणारी लेझरबाई असे. यंत्र बंद केलं की पुन्हा तापायला दिवस जातो म्हणून ती सुट्टीतही येई, आणि पायातले बूट काढून, यंत्राशी घरच्या म्हशीशी बोलावं तसं बोले. लेझरबाईने राळेतला तुकडा उजेडात धरला. "हा कुठला मासा गं? असला खडा पाहिला नाही मी."

"माझा."

"म्हणजे?"

"माझी दाढ आहे."

लेझरबाई आधी हसली, मग तिच्या सुजलेल्या गालाकडे बघून तिने तुकडा यंत्रात सरकवला. रेघ हळूहळू उमटत गेली. लेझरबाईने म्हाताऱ्या माशाची रेघ आणून तिच्यावर ठेवली. सुरुवातीचा सगळा भाग एकावर एक बसला, बोट घालायलासुद्धा फट नाही. "अगं बाई," ती म्हणाली. "तू आणि हा ढोल्या तर शेजारी निघालात." लेझरबाई गंमत म्हणून म्हणाली, पण ऐकणारी पडद्याजवळ सरकली. कारण म्हाताऱ्या माशाची रेघ पुढेही होती. तिसऱ्या कड्यापर्यंत खाणीचं पाणी, आणि मग एकदम खाली, तलाव. मासा पोहत येतो तेव्हा रेघ उतरणीवरून उतरते. ही डोंगरकड्यावरून पडावी तशी पडली होती. याला कोणीतरी एका दिवसात उचलून आणलं होतं. तिने काठापासून कडी मोजली, पुन्हा मोजली. ते वर्ष आई गेली ते होतं.

त्या वर्षी ती घरी नव्हती. दूरच्या विद्यापीठात शेवटची परीक्षा होती. खाण बंद होणार, खड्डे राडारोडा टाकून बुजवणार, क्वार्टर रिकामी करायची, हे तिला फोनवर तुकड्यातुकड्यांनी कळत होतं. आईच्या छातीचं काय, असं विचारलं की तिचे वडील, अण्णा, म्हणत, "सगळं ठीक आहे, तू अभ्यास कर." अण्णा खाणीवर पंप चालवत. खाली साठणारं पाणी उपसून बाजूच्या जुन्या खड्ड्यात सोडायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्या जुन्या खड्ड्यात कुठल्याशा मॅनेजरने हौसेने मासे सोडले होते. पंप बंद केला की अचानक जी शांतता पडे तिच्यात अण्णा पायरीवर बसून पावाचे तुकडे टाकत, आणि हिरव्या पाण्यातून जाड ओठ वर येत. आई खिडकीतून ओरडे, "घरातल्यांनाही विचारा कधी!" हे सगळं तिला आता आठवत होतं, पण ते मासे ढोले होते हे तिला इतकी वर्षं भिंगाखाली ढोले चिरूनही सुचलं नव्हतं. तिच्या आठवणीत ते फक्त ओठ होते.

अण्णा आता एका लहान गावात राहत, बसस्टँडमागच्या चाळवजा इमारतीत. तिने दार वाजवलं तेव्हा ते रेडिओ दुरुस्त करत बसले होते. "अगं! सणावाराशिवाय?" म्हणाले, आणि लगेच तिच्या चेहऱ्याकडे बघत, "गाल का सुजलाय? बरं आहे ना सगळं?" त्यांनी चहा ठेवला. एकच कप धुतलेला होता, दुसरा त्यांनी फळीवरून काढून फुंकर मारून पुसला. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. वरच्या मजल्यावरचं पाणी, पेन्शनच्या ऑफिसातला नवा माणूस. मग तिने विचारलं.

"अण्णा, खाणीतले मासे तुम्ही तलावात नेऊन सोडलेत?"

त्यांचा चेहरा असा उजळला की तिला पुढचं बोलवेना. "तुला कोणी सांगितलं? मी कोणाला बोललो नाही कधी." ते पुढे सरकून बसले. "तुझ्या आईचं डोकं ते. खड्डा बुजवायला डंपर यायला लागले ना, तेव्हा ती खिडकीतून बघायची. तिला तर उठवतही नव्हतं. एक दिवस म्हणाली, ते आत आहेत आणि वरून दगड पडतायत, मला बघवत नाही, कुठेतरी सोडून या. मी म्हटलं, वेडी आहेस का. तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग मागितला टेम्पो. गाळणी लावलेल्या टोपल्यांनी धरले, पिंपात भरले. सगळे नाही मिळाले. मिळाले तेवढे नेले."

"आणि आई?"

"आली ना बरोबर! ऐकते का ती. पुढे बसवलं तर म्हणे नाही, मी मागे पिंपापाशी बसणार. सगळ्या रस्त्याने झाकण हाताने दाबून बसली. साडी चिंब. मी काचेतून बघतोय, आता खोकेल, मग खोकेल. एकदाही खोकली नाही." त्यांनी कपातली साय बोटाने बाजूला केली. "त्यानंतर कुठे गेली नाही ती. तेच शेवटचं."

"मला का नाही सांगितलं?"

"तुझी परीक्षा होती."

तिला रागवायचं होतं. शब्द जमवून ठेवल्यासारखे होते, किती वर्षांचे कोण जाणे. पण समोर हा माणूस तिच्याकडे असा बघत होता, की जणू कोणीतरी अखेर त्याच्या घरी येऊन ती गोष्ट विचारली. तिने चहा संपवला. मग सांगितलं. खालमानेने, अहवाल वाचावा तसं: गढूळ पाणी, गेलेली झाडं, गेलेले चंदेरी मासे, पालथ्या होड्या, कालवा, धरण. अण्णा ऐकत होते. मधेच त्यांनी रेडिओचा एक स्क्रू उचलून बशीत ठेवला.

"म्हणजे मारणार."

"हो."

"सगळे?"

"एक जोडी राहिली तरी पुन्हा तेच, अण्णा."

"कसे मारतात?"

तिने टाळायला हवं होतं. पण कामाबद्दल खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "औषध असतं. त्यांना श्वास घेता येत नाही."

अण्णांनी मान हलवली. ते उठले, शेगडी बंद आहे का बघून आले, ती बंदच होती. खिडकीशी उभे राहिले. "तिला वाटलं होतं," ते म्हणाले आणि तिथेच थांबले. खाली एक बस मागे घेताना कोणीतरी तिच्या पत्र्यावर हाताने थापा मारत होतं. "तुझी बस चुकेल," ते म्हणाले. बसला अजून वेळ होता. पण ती उठली. दारात त्यांनी नेहमीसारखा पाठीवर हात ठेवला नाही. बसमध्ये ती खिडकीपाशी बसली आणि शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. तिला आईचा चेहरा आठवायचा होता, पण दिसत होता तो फक्त पिंपाच्या झाकणावर दाबलेला हात, तोही तिने कधी न पाहिलेला. आई पाण्याला शिव्या देणारी, माशांवर वैतागणारी, एवढीच तिच्याजवळ होती. बाकीची आई अण्णांच्या गाडीत मागे बसून गेली होती, आणि आपण ती एका माशाचं डोकं चिरून मिळवली.

साहेबांना तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते पाणी सापडलं, चुनखडीच्या एका खाणीचं होतं, खाण बुजवलेली आहे, तिथून आता काही येणार नाही. साहेबांनी टेबलावर हलकेच थाप मारली. "शाबास. मग आता वाट मोकळी." ती सहीसाठी कागद पुढे करत असताना त्यांनी विचारलं, "पण आणले कोणी इथे?" ती म्हणाली, "इतक्या वर्षांनी काय कळणार." "बरोबर आहे. अज्ञात व्यक्ती लिहा." तिने लिहिलं. लिहिताना हात अडला नाही, हेच तिला नंतर खुपत राहिलं.

तलावाचं पाणी आधी खूप खाली उतरवलं होतं. औषधाच्या आधी जाळी ओढायची, जमतील तेवढे ढोले काढून घ्यायचे, चुकून चंदेरी एखादा सापडला तर टाकीत जपायचा, असं ठरलं होतं. सकाळपासून ऊन तापलं. चिखलाला कुजका वास सुटला. शहरात मजुरीला गेलेले मच्छीमार त्या दिवसापुरते परत आले होते आणि दोर खांद्यावर घेऊन एका आवाजात ओढत होते. ती कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून काठाच्या गाळात उभी राहून मासे मापत होती. वर रस्त्याकडेला बघे जमले होते. त्यांच्यापासून थोडं दूर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, अण्णा उभे होते. छत्री नव्हती, टोपी नव्हती. पहिल्या बसने आले असणार. त्यांनी हात केला नाही. ती बघतेय हे कळल्यावर त्यांनी नजर पाण्याकडे वळवली.

"ते कोण आहेत?" साहेब तिच्या शेजारी येऊन म्हणाले. "मघापासून तुमच्याकडे बघतायत. ओळखीचे?"

ओळखीचे आहेत, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिच्या हातातला मासा अजून तोंड उघडत-मिटत होता. "माझे वडील," ती म्हणाली. आणि मग, बधिर नसलेल्या तोंडाने, प्रत्येक शब्द नीट ऐकू जाईल असं, "हे मासे त्यांनी आणले साहेब. त्यांनी आणि माझ्या आईने. मला माहीत होतं."

साहेबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. दोर ओढणाऱ्या माणसांतल्या दोघांनी वळून वर बघितलं, मग पुन्हा दोर धरला. "अहवाल बदलून द्या," साहेब अखेर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. थोडं पुढे जाऊन ते परत आले. "आणि त्यांना आधी सावलीत बसवा. या वयात उन्हात उभं राहतात का."

ती चिखलातून वर चढली. बूट जड झाले होते, चिखल प्रत्येक पावलाला ते ओढून घेत होता. अण्णांच्या कपाळावर घाम होता. "मी आलेलं चालतं ना?" त्यांनी विचारलं. "लांबूनच बघत होतो."

"चला, तिकडे बसू. सावली आहे."

"इथे नव्हते सोडले," ते चालता चालता म्हणाले. "इथे तेव्हाही असंच ऊन. तिला ऊन सोसायचं नाही. त्या बाजूला नेला होता टेम्पो." त्यांनी बोट केलं. तलावाला वळसा घालून दोघं तिथवर गेली. ती बुटांमुळे हळू, ते गुडघ्यांमुळे. पाणी मागे गेलं होतं, पण झाड होतं, आणि झाडाखाली एक लांबट सपाट खडक. अण्णा हाताने चाचपत त्यावर टेकले, श्वास घेतला, शर्टाच्या बाहीने मान पुसली. मासे बाहेर पडताना पिंप कसं कलतं केलं, त्यातला एक किती वेळ काठाशीच थांबला होता आणि आई त्याला हाताने पाणी मारून "जा, जा" म्हणत होती, हे त्यांनी सांगितलं. तो कोणता, असं तिने विचारलं नाही. पलीकडून माणसांचा एकत्र आवाज आला. जाळं काठाला लागत होतं. पाय भरून आले होते म्हणून ती त्यांच्या डावीकडे खडकावर बसायला वाकली.

"तिथे नको," अण्णा म्हणाले. "तिथे ती बसली होती."

ती सरळ झाली. त्यांच्या पाठीमागून वळसा घालून आली आणि दुसऱ्या बाजूला बसली.